एस, अपॉस्ट्रॉफी आणि आपला अनुस्वार

इंदूरच्या भंवरकुआं भागात कोचिंग क्लास जसे दाटीने आहेत, तशीच वसतिगृहेही आहेत. तिथल्या एका गल्लीत मला एकापाठोपाठ एक अशा तीन इंग्रजी पाट्या दिसल्या. पहिलीवर “गर्ल’स हॉस्टेल” असे लिहिले होते, दुसरीवर “गर्ल्स’ हॉस्टेल” असे होते आणि तिसरीवर वरची ती खूण मुळीच नव्हती. बँकेच्या परीक्षेची तयारी करणारी शेजारची मुलगी माझ्याबरोबर होती. तिने विचारले, “काकू, यातली बरोबर पाटी कोणती?” मी तिला म्हटले, “हीच पाटी मराठीत लिहायची झाली तर काय लिहिशील?” तिने क्षणाचाही विचार न करता उत्तर दिले, “मुलींचे वसतिगृह.” मी विचारले, “मुलीचे वसतिगृह का नाही?” ती म्हणाली, “एकाच मुलीसाठी कोणी हॉस्टेल काढतं का?”

तिच्या प्रश्नाचे उत्तर तिनेच दिले होते, फक्त ते आपण दिले आहे हे तिला कळले नव्हते. हा लेख त्या न कळलेल्या उत्तराविषयी आहे. इंग्रजीतली अनेकवचने, षष्ठीची रूपे, जोडनामे आणि संक्षिप्त रूपे यांत आपली मुले वर्षानुवर्षे अडखळतात, कारण शाळेत त्यांना हे विषय चार वेगवेगळ्या धड्यांत आणि तेही मराठीशी काही नाते नसल्यासारखे शिकवले जातात. प्रत्यक्षात या चारही गोष्टी एकाच अक्षराभोवती आणि एकाच खुणेभोवती फिरतात, आणि त्या समजून घेण्यासाठी लागणारे बहुतेक ज्ञान मराठी लिहिणाऱ्या माणसाच्या हातात आधीपासूनच असते.

पुढे जाण्यापूर्वी एक सूचना. या लेखातील इंग्रजी शब्द देवनागरीतच लिहिले आहेत. अपॉस्ट्रॉफी, म्हणजे अक्षरांच्या डोक्यापाशी लटकणाऱ्या स्वल्पविरामासारखी ती खूण, इंग्रजीत ज्या जागी येते त्याच जागी येथे दाखवली आहे. शेवटच्या एसचा उच्चार कधी ‘स’, कधी ‘झ’ आणि कधी ‘इझ’ असा होतो, पण खुणेची जागा डोळ्यांना नीट दिसावी म्हणून मी बहुतेक ठिकाणी तो ‘स’ असाच लिहिला आहे.

आता त्या पाट्यांकडे वळू. मराठीत ‘मुलीचे’ आणि ‘मुलींचे’ यांत फरक आहे तो एका टिंबाचा. ते टिंब सांगते की षष्ठीचा प्रत्यय लागण्यापूर्वी शब्द अनेकवचनी झालेला आहे. मराठी साहित्य महामंडळाने १९६२ साली शुद्धलेखनाचे चौदा नियम केले, तेव्हा उच्चारात न येणारे कितीतरी जुने अनुस्वार काढून टाकले गेले. ‘नांव’चे ‘नाव’ झाले आणि ‘घरें’चे ‘घरे’ झाले. अनेकवचनी सामान्यरूपावरचा अनुस्वार मात्र नियमात जाणीवपूर्वक राखला गेला, कारण तो काढला तर अर्थच बदलतो. इंग्रजीत नेमके हेच काम अपॉस्ट्रॉफीची जागा करते. खूण एसच्या आधी असेल, “गर्ल’स”, तर मालक एक आहे, म्हणजे ‘मुलीचे’. खूण एसच्या नंतर असेल, “गर्ल्स’”, तर आधी अनेकवचन झाले आहे आणि मग षष्ठी लागली आहे, म्हणजे ‘मुलींचे’. त्यामुळे दुसरी पाटी नि:संशय बरोबर होती.

हा क्रम लक्षात ठेवण्यासारखा आहे: आधी वचन, मग षष्ठी. मराठीतही आपण तेच करतो, ‘मुलगी’चे आधी ‘मुलीं’ होते आणि मग ‘चे’ लागते. इंग्रजीत लिहिताना प्रथम मालक एक की अनेक हे ठरवावे, त्याप्रमाणे शब्द पूर्ण लिहून टाकावा आणि मगच खुणेला हात घालावा. लिहून झालेला शब्द एसने संपणारे अनेकवचन असेल तर नुसती खूण पुरते. अन्यथा खूण आणि एस दोन्ही द्यावे लागतात. म्हणूनच “चिल्ड्रेन’स वॉर्ड” आणि “विमेन’स कॉलेज” यांत खूण एसच्या आधी येते. तेथे मालक एक आहे म्हणून नव्हे, तर “चिल्ड्रेन” आणि “विमेन” ही अनेकवचने एसशिवायच पूर्ण झालेली आहेत म्हणून. “चिल्ड्रेन्स’” असे लिहिलेली पाटी दिसली की समजावे, लिहिणाऱ्याला नियम ठाऊक होता पण क्रम ठाऊक नव्हता.

मराठीच्या बोटाला धरून चालताना एका जागी मात्र पाय घसरतो, आणि ती जागा आपल्या आदरार्थी अनेकवचनाची आहे. ‘बाबांचे दुकान’, ‘काकांची स्कूटर’, ‘सरांचा फोन’ या सर्व रूपांवर अनुस्वार आहे, पण बाबा एकच आहेत, काका एकच आहेत आणि सरही एकच आहेत. तो अनुस्वार संख्येचा नसून मानाचा आहे. इंग्रजीत मान क्रियापदात किंवा वचनात दाखवण्याची सोय नाही, त्यामुळे तेथे “फादर’स शॉप” आणि “अंकल’स स्कूटर” असेच लिहायचे, खूण एसच्या आधी. “माय फादर्स’ शॉप” असे लिहिले तर वाचणाऱ्याला लिहिणाऱ्याचे वडील एकाहून अधिक असल्याचे वाटेल. मराठी घरांतल्या मुलांच्या वह्यांत ही चूक मी इतक्या वेळा पाहिली आहे की तिला मी चूक म्हणायला कचरते. ते मूल वडिलांना मान देत असते, फक्त तो मान इंग्रजीत चुकीच्या खिशात पडतो.

याउलट रजेच्या अर्जात अनुस्वार अगदी खरा वाटाड्या ठरतो. ‘एका दिवसाची रजा’ म्हणजे “वन डे’स लीव्ह” आणि ‘दोन दिवसांची रजा’ म्हणजे “टू डेज’ लीव्ह”. ‘दिवसांची’वर टिंब आले की खूण एसच्या पलीकडे गेली. अर्ज लिहिणाऱ्याला वेगळा नियम पाठ करावा लागत नाही, वाक्य मनातल्या मनात मराठीत म्हटले की पुरते.

आता मुळातला प्रश्न असा की इंग्रजीने हा गोंधळ स्वतःवर ओढवून का घेतला? मराठीत ‘दुकाने’, ‘दुकानाची’ आणि ‘दुकान आहे’ ही तीन रूपे बोलतानाही वेगळी आणि लिहितानाही वेगळी आहेत. इंग्रजीत मात्र “द शॉप्स” म्हणजे दुकाने, “द शॉप’स टायमिंग” म्हणजे दुकानाची वेळ आणि “द शॉप’स ओपन” म्हणजे दुकान उघडे आहे. कानाला तिन्ही वेळा एकच ‘शॉप्स’ ऐकू येते. एकच एस तीन नोकऱ्या करतो, आणि तो आज कोणत्या नोकरीवर आहे हे केवळ त्या खुणेवरून आणि पुढच्या शब्दावरून कळते.

याचे कारण जुने आहे. सुमारे हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत मराठी-संस्कृतसारख्या विभक्ती होत्या. बऱ्याच पुल्लिंगी शब्दांची एकवचनी षष्ठी नुसत्या एसने नव्हे, तर ‘ईएस’ या स्वरासह पूर्ण अवयवाने होत असे. ‘राजा’ या अर्थाचा जुना शब्द “क्युनिंग” आणि ‘राजाचा’ म्हणजे “क्युनिंगेस”. त्याच शब्दाचे अनेकवचन “क्युनिंगास” असे होई. दोन्हींत स्वर निराळा असल्यामुळे ऐकणाऱ्याची गफलत होत नसे. पुढच्या शतकांत शेवटच्या अवयवातले स्वर बोलताना पुसट होत गेले, दोन्ही प्रत्यय एकसारखे झाले आणि अखेरीस बहुतेक शब्दांतून तो स्वर पूर्णपणे नाहीसा झाला. उरला तो नुसता एस, षष्ठीसाठीही आणि अनेकवचनासाठीही.

अपॉस्ट्रॉफी इंग्रजी छपाईत आली ती सोळाव्या शतकात, फ्रेंच वळणाने. नाव मात्र ग्रीक आहे. सुरुवातीला तिचे काम एकच होते: येथे एक अक्षर गळाले आहे हे दाखवणे. आपल्याला ही कल्पना नवी नाही. संस्कृतात ‘सः’ आणि ‘अहम्’ यांचा संधी होताना ‘अ’ लोपतो आणि ‘सोऽहम्’ या लेखनात त्या लोपलेल्या अकाराच्या जागी अवग्रह बसतो. अवग्रह आणि अपॉस्ट्रॉफी ही माझ्या दृष्टीने सख्खी भावंडेच आहेत, दोघेही गेलेल्या अक्षराची जागा राखून बसलेले असतात. षष्ठीच्या प्रत्ययातला स्वर गळाला होता, म्हणून तेथेही ही खूण घालण्याची रीत पडली. सतराव्या शतकात ती एकवचनी षष्ठीत रुळली आणि अनेकवचनात एसच्या नंतर खूण देण्याची पद्धत तर अठराव्या शतकाच्या अखेरीकडे स्थिरावली. म्हणजे जो नियम आपण शाश्वत समजून घोकतो, त्याचे वय जेमतेम सव्वादोनशे ते अडीचशे वर्षांचे आहे.

मधल्या काळात इंग्रजांमध्येही या एसविषयी एक चुकीची समजूत पसरली होती. ‘राजाचा मुकुट’ म्हणताना ऐकू येणारा ‘स’ हा ‘त्याचा’ या अर्थाच्या “हिज” शब्दाचा अवशेष आहे असे पुष्कळांना वाटे, आणि ते “द किंग हिज क्राउन” असे लिहीतही असत. निबंधकार जोसेफ ॲडिसन यांनी १७११ साली हेच मत छापून मांडले. सॅम्युअल जॉन्सन यांनी १७५५च्या आपल्या कोशाला जोडलेल्या व्याकरणात ते खोडून काढले. त्यांचा युक्तिवाद कोणालाही पटावा इतका सरळ होता: हाच एस स्त्रीवाचक शब्दांनाही लागतो, मग तेथे ‘हिज’ कुठून येईल?

एसचा हा इतिहास कळला की इंग्रजीतली सर्वांत जास्त केली जाणारी चूकही उलगडते. “इट्स” आणि “इट’स” यांतला फरक भल्याभल्यांना चकवतो. षष्ठीला अपॉस्ट्रॉफी लागते असे एकदा शिकल्यावर ‘त्याचा’ या अर्थी “इट’स” लिहावे असे वाटणे स्वाभाविक आहे, पण तेथे खूण येत नाही. याचे कारण मराठीत शोधले तर लगेच सापडते. आपण ‘रामचा’, ‘मुलाचा’ असे म्हणतो, पण ‘मीचा’ किंवा ‘तूचा’ असे म्हणत नाही. सर्वनामांची षष्ठी ‘माझा’, ‘तुझा’ अशी स्वतंत्र घडलेली असते, तिला वरून प्रत्यय चिकटवावा लागत नाही. इंग्रजीतही “माय”, “हिज”, “हर्स”, “युअर्स”, “अवर्स”, “देअर्स” आणि “इट्स” ही सर्व त्या भाषेतली ‘माझा-तुझा’ आहेत. त्यांच्यात काही गळालेले नाही, म्हणून खूणही नाही. “इट’स” मात्र “इट इझ” किंवा “इट हॅझ” यांचे आखडलेले रूप आहे. “इट्स” हे रूप तसे उशिरा जन्मले. ते सोळाव्या शतकाच्या अखेरीस दिसू लागते आणि त्यानंतर बराच काळ इंग्रज लेखक त्यातही खूण घालत असत. त्यामुळे आजच्या मुलांना ही चूक होते यात त्यांच्या बुद्धीचा दोष नाही.

पारख करण्याची युक्ती साधी आहे. शंका आली की संक्षिप्त रूप उलगडून पूर्ण वाचावे. “द कॅट इझ लिकिंग इट’स पॉ” हे वाक्य उलगडले तर ‘मांजर ते आहे पंजा चाटते आहे’ असे काहीतरी होते, म्हणजे तेथे खूण नको. हीच कसोटी “हूज” या उच्चाराच्या दोन रूपांना लागते: ‘कोणाचा’ या अर्थी खूण नाही, ‘कोण आहे’ या अर्थी आहे. “युअर” आणि “यू’आर”, “देअर” आणि “दे’आर” या जोड्याही तिनेच सुटतात.

आखडलेली रूपे आपल्यालाही परकी नाहीत. बोलताना आपण ‘जातो आहे’ असे क्वचितच म्हणतो. ‘जातोय’, ‘येतेय’, ‘करतायत’, ‘नाहीये’ असेच तोंडात येते. फरक इतकाच की मराठी गळालेल्या अक्षराची खूण ठेवत नाही आणि इंग्रजी ठेवते. त्यामुळे खूण नेमकी कोठे द्यायची याचेही उत्तर मिळते: जेथून अक्षर गेले तेथे. “डू नॉट” आखडताना “नॉट”मधला ओ जातो, म्हणून “डोन’ट” मध्ये खूण एन आणि टीच्या मध्ये येते. दोन शब्द जेथे जुळले त्या सांध्यावर खूण ठोकून “डो’न्ट” लिहिणारे पुष्कळ आहेत, पण खूण सांध्याची नसून लोपाची आहे. “वोन’ट” हे रूप “विल नॉट”पासून कसे झाले असा प्रश्न मुले नेहमी विचारतात. “विल”चे जुन्या इंग्रजीत “वोल” असेही एक रूप होते, ते स्वतः लोपले पण या नकारात टिकून राहिले. आपण ‘वाजता’ या अर्थी जे “ओ’क्लॉक” म्हणतो, त्यातली खूणही “ऑफ द क्लॉक” या तीन शब्दांतले गळालेले तुकडे दाखवते.

खूण विसरली तर काही ठिकाणी शब्दच बदलतो. ‘मी करीन’ या अर्थाच्या “आय’ल” मधली खूण काढली की उरलेली अक्षरे ‘आजारी’ या अर्थाचा “इल” शब्द होतात, आणि ‘ती करील’ या अर्थाच्या “शी’ल” मधून शिंपल्याचा “शेल” निघतो. दुसरी एक बाब पुस्तकांत सहसा सांगितलेली नसते. “डोन’ट”सारखी नकाराची रूपे सोडली तर आखडलेले रूप वाक्याच्या शेवटी उभे राहू शकत नाही. ‘तू तयार आहेस का?’ याला “येस, आय ॲम” असे पूर्ण उत्तर द्यावे लागते, “येस, आय’म” असे म्हणून थांबता येत नाही. आपल्याकडेही ‘जातोय’ चालते, पण ‘आहे का?’ या प्रश्नाला नुसता ‘य’ म्हणून उत्तर देता येत नाही. आधार देणारा शब्द संपला की टेकलेल्या शब्दाला आपल्या पायांवर उभे राहावे लागते. आणि जसे आपण मुख्याध्यापकांना लिहिलेल्या अर्जात ‘येतोय’ लिहीत नाही, तसेच इंग्रजी अर्जात, अहवालात आणि परीक्षेच्या निबंधात “डोन’ट” आणि “कान’ट” लिहू नये. तेथे पूर्ण रूपच शोभते.

अनेकवचनाविषयी फार लिहिण्याची गरज नाही, कारण एस आणि ईएस लावण्याचे नियम सर्वांना शाळेत मिळालेले असतात. “फूट-फीट”, “माउस-माइस” अशी रूपे लहरी वाटतात, पण ती एका फार जुन्या ध्वनिबदलाची राहिलेली खूण आहेत: पूर्वी शेवटी येणाऱ्या इकाराने मधल्या स्वराला आपल्याकडे ओढले आणि मग तो इकार स्वतः गळून गेला. जेथे खरोखर लक्ष द्यायला हवे ते असे की साध्या अनेकवचनाला अपॉस्ट्रॉफी कधीही लागत नाही. “मोबाइल’स”, “केक’स”, “बुक’स” अशा पाट्या आपल्या बाजारात जागोजागी आहेत. त्या वाचताना ‘मोबाइलचे’ काय, ‘केकचे’ काय, असा प्रश्न मनात यावा. ‘चा-ची-चे’ बसत नसेल आणि काही गळालेले नसेल, तर खूण पुसून टाकावी. इंग्लंडातल्या भाजीवाल्यांच्या फळ्यांवर हीच चूक इतकी दिसे की तेथे तिला ‘भाजीवाल्याची अपॉस्ट्रॉफी’ असे नावच पडले आहे.

आपली स्वतःची एक वेगळी सवय मात्र आहे. मराठीत आलेले काही इंग्रजी शब्द आपण अनेकवचनासकट उचलले आणि त्यांना एकवचन मानले. ‘एक लेडीज आली होती’ हे वाक्य इंदुरात रोज ऐकू येते. इंग्रजी लिहिताना तेवढे “लेडी” करावे लागते. याउलट “फर्निचर”, “लगेज”, “इन्फर्मेशन”, “ॲडव्हाइस” हे शब्द इंग्रजीत मोजताच येत नाहीत, त्यामुळे “फर्निचर्स” हे पाटीवर कितीही भारदस्त दिसले तरी चूकच. ‘माझ्या मित्रांपैकी एक’ हे मराठीत आपण कधीही ‘मित्रापैकी’ असे म्हणणार नाही, तरी इंग्रजीत “वन ऑफ माय फ्रेंड” असे सर्रास लिहिले जाते. ‘पैकी’ला अनेकवचन लागते, आणि “वन ऑफ”ला तसेच लागते.

आता जोडनामे. मला या विषयाचा हा भाग सर्वांत आवडतो, कारण येथे इंग्रजी मराठीच्या फार जवळ येते. आपण इंदूरकर ज्याच्या सावलीत वाढलो तो ‘राजवाडा’ घ्या. ‘राजाचा वाडा’ असा त्याचा विग्रह, म्हणजे षष्ठी तत्पुरुष समास. समास झाला की मधला ‘चा’ गळून पडतो, आणि त्याच्याबरोबर आणखी एक गोष्ट झाकली जाते: राजा एक की अनेक? ‘राजवाडा’ या शब्दावरून ते कळत नाही, आणि कळण्याची गरजही नसते. इंग्रजी जोडनाम अगदी असेच वागते. “शू शॉप” म्हणजे एकाच बुटाचे दुकान नव्हे आणि “टूथब्रश” एकाच दातासाठी नसतो. पहिले नाम जोडात शिरताना आपले वचन दाराबाहेर ठेवून येते. म्हणून “टीथब्रश” होत नाही. “स्पोर्ट्स डे” आणि “सेव्हिंग्ज अकाउंट” असे मोजके शब्द एस घेऊनच आत शिरले आहेत, पण तो अपवाद आहे.

संख्या असली तरी हाच नियम. ‘सात मजल्यांचा राजवाडा’ असे म्हणताना मराठीत अनेकवचन लागते, म्हणून मूल इंग्रजीत “सेव्हन स्टोरीज पॅलेस” लिहिते. पण मराठीत ‘सातमजली’ असाही शब्द आहे, आणि इंग्रजीला तो हवा आहे: “सेव्हन-स्टोरी पॅलेस”. ‘पाच रुपयांची नोट’ म्हणजे “फाइव्ह-रुपी नोट”, आणि ‘दहा वर्षांचा मुलगा’ म्हणजे “टेन-यिअर-ओल्ड बॉय”. इंदुरातल्या खाण्यापिण्याच्या गल्लीचे, आपल्या छप्पन दुकानचे, नावही याच जातीचे आहे. छप्पन म्हटल्यावर हिंदीत ‘दुकानें’ व्हायला हवे होते, पण जागेचे नाव झाल्यावर ‘दुकान’ एकवचनातच राहिले, आणि ते कोणाच्या कानाला खटकत नाही. मी मुलांना सांगते, “फाइव्ह-रुपी” लिहिताना अडलात तर छप्पन दुकान आठवा.

जोडनामात मुख्य शब्द शेवटी असतो, हेही तत्पुरुषासारखेच. “स्कूल बस” ही बस आहे, “बस स्कूल” ही काही तरी शाळा असेल. त्यामुळे बातमीच्या मथळ्यात चार-पाच नामे एकापुढे एक रचलेली दिसली की शेवटून वाचायला सुरुवात करावी. “वॉटर टॅक्स पेमेंट काउंटर” ही आधी खिडकी आहे, मग भरण्याची खिडकी, मग कर भरण्याची आणि शेवटी पाण्याचा कर भरण्याची. द्वंद्व समास मात्र इंग्रजीला आपल्याइतका मानवत नाही. आपण सहज ‘पोहे-जिलबी’, ‘आई-वडील’ म्हणतो, पण “मदर फादर” हे इंग्रजी नव्हे, मध्ये “अँड” लागतोच.

बोलताना जोडनाम ओळखण्याची एक खूण आघातात आहे. “इंग्लिश टीचर” या शब्दांत जोर पहिल्या शब्दावर दिला तर इंग्रजी शिकवणारा शिक्षक, दुसऱ्यावर दिला तर इंग्लंडचा रहिवासी असलेला शिक्षक. लिहिताना दोघे सारखेच दिसतात. जोडनामातले शब्द सुटे लिहावे, जोडरेघेने जोडावे की एकसंध लिहावे याला पक्का नियम नाही. काळ जातो तसे शब्द जवळ येतात. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत ‘आज’ या अर्थाचा “टुडे” हा शब्दसुद्धा जोडरेघ देऊन लिहिला जात असे. येथे तर्क न लढवता कोश उघडावा.

“मदर-इन-लॉ” हा शब्द या सर्व नियमांची एकदम परीक्षा घेतो. यात मुख्य शब्द अपवादाने पहिला आहे, कारण ‘कायद्याने आई’ असा त्याचा घाट आहे. अनेकवचन मुख्य शब्दाला लागते, म्हणून ‘सासवा’ म्हणजे “मदर्स-इन-लॉ”. षष्ठी मात्र नेहमी पूर्ण जोडाच्या शेवटी लागते, म्हणून ‘सासूबाईंचे घर’ म्हणजे “मदर-इन-लॉ’स हाउस”. (आदराचा अनुस्वार येथेही फसवू पाहतो.) आणि ‘सासवांची मते’ लिहायची झाली तर एकाच शब्दात दोन एस दोन ठिकाणी येतात: “मदर्स-इन-लॉ’स ओपिनियन्स”. षष्ठी शेवटी लागण्याची ही सवयही आपल्या ओळखीची आहे. ‘आई आणि मावशीचे घर’ यात ‘चे’ मावशीला चिकटलेला दिसतो, पण घर दोघींचे आहे. इंग्रजीतही घर सामाईक असेल तर खूण शेवटच्या नावाला एकदाच, वेगवेगळी घरे असतील तर प्रत्येक नावाला वेगळी.

आता ती तिसरी पाटी, खूण नसलेली. ती चूक आहे का? “गर्ल्स” हा शब्द मालकी न दाखवता हॉस्टेलचा प्रकार दाखवतो असे मानले तर ते जोडनाम होते आणि खुणेची गरज उरत नाही. आज पुष्कळ संस्था असेच लिहितात, आणि मी ते चूक धरत नाही. खुद्द इंग्रजांची या बाबतीत एकवाक्यता नाही. लंडनच्या भुयारी रेल्वेत पिकॅडिली मार्गावर “अर्ल’स कोर्ट” आणि “बॅरन्स कोर्ट” ही स्थानके लागोपाठ येतात. पहिल्याच्या पाटीवर अपॉस्ट्रॉफी आहे आणि दुसऱ्याच्या पाटीवर नाही. उलट काही ठिकाणी खुणेची जागा जाणूनबुजून निवडलेली असते. अमेरिकेत “मदर’स डे” रूढ करणाऱ्या ॲना जार्विस यांचा आग्रह होता की खूण एसच्या आधीच हवी, कारण प्रत्येकाने त्या दिवशी आपल्या एका आईला मान द्यावा अशी त्यांची इच्छा होती. १९१४ साली तेथे हा दिवस राष्ट्रीय पातळीवर जाहीर झाला. मराठी ‘मातृदिन’ या समासात हा सगळा वाद झाकला जातो.

राहता राहिली आडनावे. घराच्या दारावर “द देशपांडे’स” अशी पाटी लावण्याची हौस आपल्याकडे अलीकडे वाढली आहे. लिहिणाऱ्याला ‘देशपांडे मंडळी’ म्हणायचे असते, म्हणजे साधे अनेकवचन, आणि त्याला खूण नको: “द देशपांडेस”. ‘देशपांड्यांचे घर’ म्हणायचे असेल तर आपला अनुस्वार पुन्हा वाट दाखवतो: “द देशपांडेस’ हाउस”. इंदुरात व्यास आडनावाची घरेही बरीच आहेत, आणि नावच एसने संपत असल्याने तेथे हात थबकतो. एकट्या व्यासांविषयी लिहिताना “व्यास’स हाउस” असे दुसरा एस देऊन लिहावे, कारण उच्चारातही तो येतोच. काही वृत्तपत्रे नुसती खूण देतात, तेही चालते, फक्त एका लेखात एकच पद्धत पाळावी. सगळ्या कुटुंबाचे अनेकवचन “व्यासेस” होईल आणि त्यांच्या घराची पाटी “द व्यासेस’ हाउस” अशी. माझ्या शेजारच्या मुलीने हे सगळे ऐकून घेतले आणि म्हणाली, “काकू, त्यापेक्षा दारावर नुसतं ‘व्यास’ लिहिलं तर?” मी म्हटले, तेही शंभर टक्के बरोबर आहे.